गंभीर आजाराच्या रायडरबद्दल आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमच्या आयुर्विम्याला जोडलेला गंभीर आजाराचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घेतलेलं पूरक संरक्षण, नेमका कसा चालतो, हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तूही वाच. वेळ आली तर कागद तुलाच शोधावे लागतील.

आधी एक गोष्ट पक्की करा: रायडरची रक्कम आगाऊ मिळणार की जादा? आगाऊ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड रायडर, मूळ विमा रकमेतूनच पैसे देतो. मूळ रक्कम 100 आणि रायडर 40 असेल, तर आजारात 40 हातात येतात आणि नॉमिनीसाठी मागे 60 उरतात. आईला पुढे पूर्ण 100 मिळतील असं धरून चालू नका. जादा प्रकारात 40 वेगळे मिळतात, 100 शाबूत राहतात. हप्ता मात्र साहजिकच जास्त पडतो. पॉलिसीवर कर्ज काढलेलं असेल तर ते वळतं होऊ शकतं. पॉलिसी बँकेकडे असाइन केलेली, म्हणजे तिच्या नावे लिहून दिलेली, असेल तर त्या पैशावर आधी बँकेचा हक्क येतो.

आता खरी मेख. क्लेम आजाराच्या नावावर मिळत नाही, पॉलिसीत छापलेल्या व्याख्येवर मिळतो. हार्ट अटॅकसाठी बहुतेक ठिकाणी छातीतल्या दुखण्यासारखी लक्षणं, ईसीजीत नवे बदल आणि रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) वाढल्याचा रिपोर्ट लागतो. नुसता अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, असेल तर तो त्यात बसत नाही. कॅन्सरमध्ये बायॉप्सीचा रिपोर्ट निर्णायक असतो: गाठ आजूबाजूच्या पेशीजालात शिरलेली असावी लागते. जागच्या जागी असलेला, रिपोर्टमध्ये ‘इन सिटू’ लिहिलेला कॅन्सर बऱ्याच रायडरमधून वगळलेला असतो. पक्षाघाताचं तर आणखी वेगळं. अशक्तपणा किंवा वाचेतला दोष कायमचा आहे हे दिसावं लागतं आणि त्यासाठी साधारण तीन महिने थांबावं लागतं. घाईने आठवड्यात क्लेम टाकला तर तो परत येतो, आणि घरच्यांना वाटतं की कंपनीने फसवलं.

मरणासन्न आजाराचं कलम याहून निराळं आहे. तिथे आजार कोणता हे गौण; पॉलिसीत सांगितलेल्या मुदतीपलीकडे, बहुधा 6 किंवा 12 महिन्यांपलीकडे, रुग्ण जगण्याची शक्यता नाही असं डॉक्टरांनी लेखी द्यावं लागतं.

दोन मुदती लक्षात ठेवा. रायडर सुरू झाल्यापासून ठरावीक दिवस, बरेचदा 90, नवा आजारही धरला जात नाही. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर हे दिवस बहुधा नव्याने मोजतात. दुसरी मुदत म्हणजे निदानानंतर रुग्ण काही दिवस, कुठे 14 तर कुठे 30, हयात असण्याची अट. म्हणून निदानाची तारीख कागदावर स्पष्ट हवी. क्लेमचा निर्णय होईपर्यंत हप्ते भरत राहा, कारण मूळ पॉलिसी बंद पडली की रायडरही जातो.

आई, डिस्चार्ज कार्डवर नुसती नजर फिरवून ते फाइलला लावू नकोस. ‘बीपी 10 वर्षांपासून’ असं तिथे चुकून लिहिलं गेलं आणि विम्याच्या अर्जात ते नसेल, तर माहिती लपवली म्हणून क्लेम अडतो. चूक दिसली तर हॉस्पिटलमधून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह दुरुस्त करून घे. बायॉप्सी, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, इनडोअर केस पेपर हे सगळं मागून घे. ईसीजीच्या पट्टीवरची शाई उडते, तिची लगेच झेरॉक्स काढ.

असा विमा 1983 मध्ये दक्षिण आफ्रिकेत मारियस बर्नार्ड या हृदयशल्यविशारदाच्या पुढाकाराने सुरू झाला. उपचाराने जीव वाचलेले रुग्ण पैशापायी खचताना त्यांनी पाहिले होते. बाबा, हे मुद्दाम सांगते आहे, कारण ही रक्कम बिलापुरतीच नसते. ती एकरकमी मिळते. घरखर्च, मदतनीस, कर्जाचे हप्ते, कशालाही वापरा. मुलांसाठी राहू दे म्हणून क्लेमच करायचा नाही, असं मनात आणू नका. आम्हाला ते अजिबात नको आहे.

रायडरच्या सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा, विशेषतः रायडर कोणत्या वयाला संपतो ते असलेलं पान. पुष्कळदा तो मूळ पॉलिसीच्या आधीच संपतो, आणि तसं असेल तर बाकीची सोय आत्ताच बघावी लागेल.

तुमची लेक