आई-बाबांना, नव्या नोकरीविषयी

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

जे सांगायचे आहे ते फोनवर बोलण्याचे धैर्य गेले तीन रविवार झाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हिंजवडीची नोकरी मी सोडली. फेब्रुवारीत राजीनामा दिला, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड मे महिन्यात संपवला आणि जूनपासून मुंबईत, लोअर परळच्या एका क्रिएटिव्ह एजन्सीत फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणून रुजू झाले आहे. मधल्या काळात तुम्ही विचारलेत की मी "ऑफिस ठीक आहे" एवढेच म्हणत राहिले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते, आणि त्याबद्दल आधी तुम्हा दोघांची क्षमा मागते. आधी सांगितले असते, तर बाबा रागावले नसते, फक्त "बघ बुवा" म्हणाले असते, आणि तेवढ्यानेच मी माघार घेतली असती.

२०१९ च्या पुरानंतर घर ज्या पगारावर सावरले, तो पगार मी सोडते आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. त्या ऑगस्टमध्ये बाबा ओल्या भिंतीला हात लावून उभे होते, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच राजीनाम्याआधी आठ महिन्यांच्या खर्चाची रक्कम मुदत ठेवीत ठेवली. घराच्या दुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता पूर्वीच्याच तारखेला माझ्या खात्यातून जातो आणि तसाच जाईल. पीएफ नव्या ठिकाणीही त्याच यूएएन क्रमांकावर सुरू आहे, त्यामुळे सेवेची वर्षे तुटलेली नाहीत. तुमचा दोघांचा आरोग्य विमा मी पूर्वीच कंपनीच्या विम्याबाहेर, वेगळा काढलेला होता. त्याचा यंदाचा हप्ता भरला आहे आणि पावती आईच्या फोनवर पाठवली आहे. पगार महिना अकरा हजारांनी कमी झाला, हे लपवत नाही. पण वाढ कामावर ठरते असे मला लेखी मिळाले आहे, आणि या एजन्सीत चाळीस माणसे असल्यामुळे कोणाचे काम कोणी केले हे सगळ्यांना दिसते.

जुन्या कंपनीने माझे काही वाईट केले नाही. सहा वर्षांपैकी चार वर्षे मी वेबसाइटची पाने बांधली आणि शेवटची दोन वर्षे इतरांनी बांधलेल्या पानांचे तक्ते भरले. बढती तक्ते भरण्यात होती. हाताने काम करण्याची सवय सुटत चालली आहे, हे ज्या दिवशी लक्षात आले, त्या दिवशी मला बाबा आठवले. छापखान्यात ऑफसेट छपाई आल्यावर हाताने खिळे जुळवणे थांबले आणि मालकांनी तुम्हाला काउंटरवर बसवले होते, त्या दिवसांतले बाबा. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

इथे माझे काम काय, ते बाबांना लगेच कळेल. डिझायनर पानाचे चित्र फिग्मा या सॉफ्टवेअरवर काढून देतात आणि मी ते एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषांमध्ये उतरवते, म्हणजे ते ब्राउझरमध्ये उघडते, हलते, बटण दाबले की उत्तर देते. तुमच्या पानाचे माप आधी ठरलेले असे. माझ्या पानाला ठरलेले माप नसते. एकच पान आईच्या लहान फोनवर आणि भिंतीएवढ्या पडद्यावर, दोन्हीकडे नीट बसावे लागते, त्यामुळे कोणती ओळ कुठे मोडेल याचा हिशेब आधीच लिहून ठेवावा लागतो.

दुसऱ्याच आठवड्यात एका मसाल्याच्या कंपनीची दिवाळीची वेबसाइट माझ्याकडे आली. इंग्रजी मथळ्याची अक्षरे डिझायनरने थोडी विरळ मांडली होती आणि ती सुंदर दिसत होती. तोच नियम मराठी मथळ्याला लागला आणि शिरोरेषा तुटली. "दिवाळीचा फराळ" या दोन शब्दांतले प्रत्येक अक्षर आपापला रेषेचा तुकडा डोक्यावर घेऊन वेगळे उभे होते. शिवाय ओळी इतक्या जवळ होत्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकत होता. खोलीत ते कोणालाच खटकले नाही, कारण मजकुराकडे सगळे चित्र म्हणून पाहत होते. मी मराठीपुरते अक्षरांमधले वाढीव अंतर शून्य केले, दोन ओळींमधली जागा वाढवली, आणि पानाच्या सुरुवातीला ही भाषा मराठी आहे अशी खूण घातली; फॉन्टमध्ये सोय असेल तर तेवढ्या खुणेने ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, हिंदीच्या वळणाचे राहत नाहीत. बाबा, ल बदललेला पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. तुम्ही मुद्रितावर बोट फिरवत शिरोरेषा तपासायचात आणि मी केसशेजारच्या, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीशेजारच्या, स्टुलावर बसून खिळ्यांवरची उलटी अक्षरे वाचायचे. शाळेत जाण्याआधी मला उलटा "अ" येत होता. तो स्पर्श अजून बोटांत आहे, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो कामी आला.

दुसरी गोष्ट तुमच्या डोळ्यांमुळे सुचली. अक्षराचे माप पिक्सेलमध्ये ठोकून बसवले, तर वाचणाऱ्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे केले तरी ते वाढत नाही. रेम या मापात, म्हणजे वाचणाऱ्याने निवडलेल्या अक्षराच्या प्रमाणात, दिले तर वाढते. आमच्या नव्या पानांवर आता सगळी मापे रेममध्ये आहेत, आणि फिकट राखाडी मजकूर मी पुढे जाऊ देत नाही. साध्या आकाराचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे असा मान्य दंडक आहे, तो दाखवला की डिझायनरही ऐकतात.

आई, तू जे विचारशील त्याची उत्तरे आता देते. मुलुंडला वसतिगृहातल्या मैत्रिणीबरोबर राहते. खोलीला खिडकी आहे, पाणी सकाळी दोन तास येते. स्लो लोकलने करी रोडला उतरून चालत जाते, आणि परतताना महिलांच्या डब्यात बहुतेक वेळा बसायला मिळते. पोळी-भाजी कोपऱ्यावरच्या काकूंकडून घेते, वरण-भात स्वतः लावते. तू दिलेला मेतकुटाचा डबा अर्धा संपला आहे. रिलीजच्या, म्हणजे वेबसाइट लोकांसाठी खुली करण्याच्या, आठवड्यात उशीर होतो, तेव्हा कंपनी टॅक्सी देते आणि मैत्रीण जागी असते. तब्येत चांगली आहे. लहानपणी ताप आला की तू कपाळावर हात ठेवून बसायचीस, ते मात्र इथे रोज रात्री आठवते.

आता माझे ऐका. बाबा, उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतर बघू असे म्हणू नका. डॉक्टरांनी साखर आटोक्यात आणायला सांगितली आहे, तर चहातली साखर बंद आणि रात्रीचा भात अर्धा. हे आईने बघायचे आणि तुम्ही तिच्यावर चिडायचे नाही. फिरायला जाताना नदीकडचा उतार टाळा. आई, माळ्यावरचे काही काढायला स्टुलावर चढू नकोस, मी आल्यावर काढीन. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. माझ्या बोलण्यात हुकूम वाटला तर वाईट वाटून घेऊ नका, लांब राहिले की काळजीचा आवाज असा चढतो.

ऑपरेशनसाठी चार दिवसांची रजा प्रोबेशनमध्येही मिळेल, हे मी विचारून ठेवले आहे. तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा, म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसचे तिकीट काढता येईल. लॅपटॉप घेऊन येते. पट्टी निघाल्यावर बाबांनी ते दिवाळीचे पान शांतपणे पाहावे आणि चुका असतील त्या लाल पेनाने कागदावर लिहून द्याव्यात. पुरातून वाचलेली खिळ्यांची ती एक केस माळ्यावरून खाली काढू नका. ती जड आहे, मीच उतरवीन.

तुमची,
बेबी