तेइकाचे ‘वाईट’ अक्षर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जपानी सुलेखनावरचा लेख वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र जपानी सुलेखन म्हणजे झेन भिक्षूंनी कुंचल्याच्या दोन-चार फटकाऱ्यांत काढलेली ठसठशीत चिनी अक्षरे, एवढीच वाचकाची समजूत त्यावरून होईल. दरबारी ‘वाका’ कविता ज्या ‘काना’ या उच्चारानुसारी जपानी लिपीत लिहिल्या गेल्या, तिचा लेखात उल्लेखही नाही. सम्राटाच्या आज्ञेने ९०५च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘कोकिनशू’ या काव्यसंग्रहाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत अकराव्या शतकातली आहे. ‘कोया-गिरे’ या नावाने तिचे तुकडे ओळखले जातात आणि त्यांवरील बारीक, एकमेकांत गुंफलेली अक्षरे कागदावरून ओघळत खाली उतरल्यासारखी दिसतात.

परंतु माझा मुख्य मुद्दा फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) या कवीविषयी आहे. १२३५मध्ये त्याच्या व्याह्याने सागा येथील आपल्या घराच्या सरकत्या दारांसाठी जुन्या कवींची एकेक कविता लिहून देण्याचा आग्रह धरला, तेव्हा ‘मला मुळात अक्षर काढता येत नाही’ अशी नोंद तेइकाने रोजनिशीत केली आणि तरीही ते कागद लिहून पाठवले. ‘शंभर कवींच्या शंभर कविता’ हा जपानमध्ये घरोघरी ठाऊक असलेला संग्रह याच नोंदीशी जोडला जातो.

हा नुसता विनय नव्हता. तेइकाचे अक्षर खरोखरच बसके, जाडे आणि बरेचसे सुटे आहे. पण त्याला हवी होती ती बिनचूक प्रत. काना लिपीत लिहिलेल्या मजकुरात शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळे कुंचला भलत्याच ठिकाणी उचलला किंवा भलत्याच ठिकाणी जोडला तर वाचणारा चकतो. (मोडीची जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.) म्हणूनच कुठे जोडावे, कुठे तोडावे आणि कोणता शब्द कोणत्या काना-अक्षरांनी लिहावा, याविषयी त्याने स्वतंत्र टिपणच केले. ‘कोकिनशू’च्या प्रती त्याने वारंवार केल्या, त्यांपैकी १२२६ची प्रत क्योतो येथे त्याच्या वंशजांच्या, म्हणजे रेइझेई घराण्याच्या संग्रहात असून जपानने तिला ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरवले आहे.

पुढे चहासमारंभाच्या आचार्यांना याच अक्षराने भुरळ घातली. सतराव्या शतकातील कोबोरी एन्शू तर तेइकाचे वळण गिरवून स्वतःचे लेखन करत असे.

पुरवणीत या विषयावर पुन्हा काही येणार असल्यास ‘कोया-गिरे’चे एक पान आणि तेइकाचे एक पान शेजारी शेजारी छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली