ते घामोळं नव्हतं

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्य पानावर एचआयव्हीच्या औषधांवर आलेला मजकूर वाचला. गोळ्या वेळेवर घ्या, खाडा करू नका, सगळं बरोबर. पण गोळ्यांनी कातडीला काय होतं, यावर एक ओळ नव्हती, आणि आमच्यातली माणसं तिथंच गळतात.

मी रावेर तालुक्यात केळी कापायला जातो. 2010च्या मे महिन्यात माझ्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन अशी औषधं मिळायची. बाराव्या दिवशी छातीवर-पाठीवर बारीक पुरळ उठलं. आमच्याकडे मे म्हणजे पारा 45ला टेकलेला, घामोळं कोणाला होत नाही? बायकोनं पावडर थापली, आईनं कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घातली. गावातल्या डॉक्टरांनी उष्णता म्हणून इंजेक्शन दिलं. त्यांचा काय दोष? गोळ्यांचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

पुरळ दंडावर उतरलं तसा एसटी धरून एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, गेलो. तिथल्या मॅडमनी पुरळाकडे नंतर पाहिलं. आधी तोंड उघडायला लावलं, मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, ताप विचारला. तोंडात फोड, डोळे लाल, ताप, कातडी सुटणं यातलं काहीही असतं तर नेव्हिरापिन त्याच दिवशी बंद आणि मला दाखल केलं असतं, जिवावर बेततं म्हणाल्या. माझं साधं निघालं. हे औषध पहिले 14 दिवस निम्मं देतात ते याच भीतीनं. पुरळ पुरतं गेल्याशिवाय मात्रा वाढवायची नाही. आठवड्याभरात गेलं.

माझ्याबरोबरच सुरू केलेला एक जण मात्र अंग खाजायला लागल्यावर सगळ्याच गोळ्या टाकून बसला. त्याला सोबत सेप्ट्रान ही जंतुसंसर्ग टाळायची गोळीही चालू होती. त्यातल्या सल्फानंही पुरळ येतं, म्हणजे नेमकं कशानं आलं ते केंद्रातच कळलं असतं. तो परत गेलाच नाही. पुढे टीबी झाला तेव्हा दवाखान्याची पायरी चढला.

माझी नखं काही महिन्यांत काळी-निळी पडली. ते झिडोव्हुडिननं, त्याला धोका नसतो. कोणी विचारलं, "नखायले काय झालं रे भो?" की मी म्हणायचो, केळीचा चीक. चिकाचा डाग कपड्यावरून मरेपर्यंत जात नाही हे इथं पोराटोराला ठाऊक, त्यामुळे खपून गेलं. औषध बदललं तशी नखं उजळली. आता डोल्युटेग्राविर हे औषध असलेली एकच गोळी आहे. तिनं पुरळ क्वचित येतं, पण येऊ शकतं.

म्हणून मागणी एवढीच, की केंद्राच्या भिंतीवर अशा पुरळाचे रंगीत फोटो लावा, आणि ते आपल्या रंगाच्या अंगावरचे असू द्या. गोऱ्या कातडीवर लाल दिसतं, माझ्या पाठीवर ते काळपट, नुसतं हाताला खरखरीत लागत होतं. लाल शोधत बसलो असतो तर अजून आठवडा गेला असता.

नाव छापू नये ही विनंती. नाव गुप्त ठेवायचा कायदा 2017चा आहे खरा, पण गाव ते गावच.

आपला,
एक वाचक, ता. रावेर, जि. जळगाव