सव्वाशेची बाटली, अडीचशेची बाटली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

12 मेच्या परिचारिका दिनाला आपल्या पेपरात पांढऱ्या गणवेशातल्या, हातात दिवे घेतलेल्या मुलींचा फोटो आला होता. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी ती मी. फोटोखाली ‘सेवेचा वसा’ असं छापलं होतं. वसा घेतलाय खरा, पण त्याच आठवड्यात चाइल्ड हेल्थच्या अंतर्गत परीक्षेत मी नापास झाले होते.

मी मिरजेत जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. गाव तासगाव तालुक्यात, बारावी आर्ट्स, तीही मराठीतून. जीएनएमला आर्ट्सची मुलगी चालते म्हणून तर मी इथे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी. ‘नेक होल्डिंग’ कितव्या महिन्यात, हे मी आठवडाभर घोकत होते. मग लक्षात आलं, अरे, हे तर मान धरणं! माझ्या भाच्यानं मान कधी धरली, पालथा कधी पडला, रांगला कधी, सगळं मला तोंडपाठ आहे. वर्गात कुणी एकदा मराठीत बोललं असतं तर तो आठवडा वाचला असता.

खरी अडचण भाषेची नाही, हिशोबाची आहे. मोठ्या माणसाला गोळी द्यायची तर एक किंवा दोन. बाळाला सगळं वजनावर. वॉर्डात नऊ किलोचं एक बाळ तापानं फणफणलेलं. आई अथणीकडची, कन्नड बोलणारी. ‘ज्वर’ म्हणाली तेवढंच मला कळलं. डॉक्टरांची ऑर्डर होती पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम. म्हणजे 135. इथपर्यंत मी बरोबर होते. आदल्या दिवशीची बाटली 5 मिलीत 125 ची होती, तोच हिशोब डोक्यात ठेवून मी 5.4 मिली सिरिंजमध्ये ओढलं. इनचार्ज सिस्टरांनी माझं मनगट धरलं आणि लेबल माझ्या डोळ्यांसमोर आणलं. ही बाटली 5 मिलीत 250 ची होती. द्यायचे होते 2.7 मिली, मी दुप्पट देणार होते. सिस्टर ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “आधी बाटली वाच, मग ऑर्डर वाच, मग परत बाटली वाच.” बाळाला काही झालं नाही. मी मात्र जिन्यात बसून रडले.

आणि ड्रॉप्स वेगळेच, त्यात एका मिलीलाच 100 मिलिग्रॅम. एकाच औषधाच्या तीन ताकदी. घरी आया विचारतात, “किती चमचे?” आता कोणता चमचा, चहाचा की आमटीचा?

हा हिशोब मला शेवटी माझ्या वडिलांनी शिकवला. त्यांची द्राक्षबाग आहे. डाऊनीला, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाला, औषध मारायचं असलं की ते पुडा हातात घेऊन आधी बघतात, पावडर 75 टक्क्यांची आहे की 50 ची. लिटरला दोन ग्रॅम, टाकी पाचशे लिटरची, म्हणजे एक किलो. सातवी शिकलेला माणूस हे तोंडी करतो, आणि मी सूत्र पाठ करून चुकते! फोनवर म्हणाले, “अगं, तुझं बाळ म्हणजे टाकी, किती लिटरची ते बघ आणि पुड्यावरची टक्केवारी वाच.” बाळाला टाकी म्हटल्याचा जरा रागच आला, पण त्या रात्रीपासून माझं गणित चुकलेलं नाही.

आमच्या वर्गात डोसाचं सूत्र एका तासात फळ्यावर लिहून झालं. वॉर्डात एका कॉटभोवती आम्ही बारा जणी, पुढच्या दोघींना दिसतं. श्वास मोजायचा तर पूर्ण मिनिट, बाळ शांत असताना, पोटाकडे बघून. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे पन्नास किंवा जास्त भरले तर धोक्याचं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं तेव्हा, जेव्हा एका झोपलेल्या सात महिन्यांच्या मुलीचे बावन्न मोजले आणि धावत सिस्टरांकडे गेले.

म्हणून आपल्या पत्रामार्फत नर्सिंग शाळा चालवणाऱ्यांना विनंती आहे. वॉर्डात पाठवण्याआधी आम्हाला बाटल्या हातात द्या. आठवड्याला एक तास नुसता डोसाचा हिशोब घ्या, मराठीत घ्या, पेपर खुशाल इंग्रजीत ठेवा. हिशोब बरोबर आल्याशिवाय सिरिंज हातात देऊ नका, आम्ही कुरकुरणार नाही. दिवे घेऊन फोटोही काढू, त्याचं काही नाही.

तोवर आम्ही सहा जणींनी मेसच्या टेबलावर सुरुवात केली आहे. रिकाम्या बाटल्या धुऊन, पाणी भरून एकमेकींना ऑर्डरी देतो. सव्वाशेची आहे, अडीचशेची आहे. ड्रॉप्सची मात्र अजून मिळालेली नाही.

आपली,
जीएनएम द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, मिरज
(कृपया नाव छापू नये.)