खरवस मी खाल्लाच नव्हता

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. आप्पा,
सा. न. वि. वि.

मागच्या खेपेला घरी आले तेव्हा चंद्री नुकतीच व्याली होती. आईने माझ्यासाठी चीक राखून ठेवला, गूळ-वेलची घालून खरवस केला, आणि मी 'पोट जरा बिघडलंय' म्हणत ताटली यांच्याकडे सरकवली. यांनी दोन्ही संपवल्या. आई, तुला ते खरं वाटलं. आप्पांना नाही वाटलं. ते काही न बोलता गोठ्यात गेले आणि पानं वाढली तरी आले नाहीत. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर सांगायला गेलं की तू रडतेस आणि आप्पा 'आईशी बोल' म्हणून फोन देऊन टाकतात. म्हणून हे पत्र. पोट बिघडलं नव्हतं. मी दूध सोडलंय.

दूध, दही, ताक, पनीर, खवा, सगळंच. जूनपासून.

दहा दिवसांच्या दूधबिलावर जिची फी भरली त्या पोरीने दूध सोडावं, हे मलाही कसंतरीच वाटतं. पण आप्पा, आपल्या दुधात काही खोट आहे असं मनातसुद्धा आणू नका. तुमची फॅट सातच्या खाली कधी येत नाही हे गल्लीतली पोरंही सांगतील. खोट माझ्या अंगात आहे. माझा संधिवात म्हणजे तुमच्या गुडघ्यासारखी झीज नव्हे. यात अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते आणि आतलं अस्तर सुजतं. सकाळी मूठ वळत नाही. नळ मनगटाने सोडायचा, छकुलीच्या युनिफॉर्मची बटणं यांनी लावायची, आणि मी कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं. तासभर तरी.

डॉक्टरीणबाईंनी 'दूध सोड' असं सांगितलं नाही, हेही खरं सांगते. त्या म्हणाल्या, दुधाने हा आजार होतो असं नाही, सोडल्याने बरा होतो असंही नाही. पण काहींना काही पदार्थ सोसत नाहीत. सहा आठवडे बंद ठेव, रोज लिहून ठेव, मग परत सुरू करून बघ. मी वही केली. पाचव्या आठवड्यात सकाळचा आखडा अर्ध्या तासावर आला, पोटाचा गुबारा गेला. ऑगस्टमध्ये परत दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी अंगठी अडकली, ती साबण लावून काढावी लागली. आप्पा म्हणतील योगायोग. असेलही. त्याच सुमारास नवी गोळीही अंगी लागायला लागली होती. पण पुढच्या महिन्यात पुन्हा करून बघितलं, पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा बघायची माझी हिंमत नाही.

आणि आई, गोळ्या सोडलेल्या नाहीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रविवारी. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. यांनी कॅलेंडरवर लाल गोल केलेत, कारण चुकून रोज घेतली तर ती गोळी जिवावर बेतते. यकृताचं रक्त तपासून होतं. घाबरायचं नाही.

माझे खाण्याचे हाल होतायत असं समजू नकोस. तू म्हणशील हाडं ठिसूळ होतील. दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, म्हणजे दोन भाकरीत. वर तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी. उरलेलं गोळीतून. चहा कोरा, गवती चहा आणि आलं घालून. सोयाचं दूध आणलं होतं, चहात फाटलं, चवही आवडली नाही. पितळेच्या पेल्यातल्या धारोष्ण दुधाची आठवण येते, फेसाची मिशी यायची ती. तू पदराने पुसायचीस आणि पदराला शेणाचा वास असायचा. पुराच्या साली शाळेत म्हशींसकट राहिलो तेव्हाही पहिला पेला मलाच दिला होतात. आप्पा, ते मी विसरलेले नाही. दूध सोडलंय, तेवढंच.

आता तुझं बोलू. अंगठा दुमडून धार काढायची सवय तू सोडणार आहेस की नाही? मुठीने काढ, सडालाही बरं. मागच्या वेळी तुझं मधलं बोट बघितलं मी, तू पदराखाली घेतलंस तरी. उद्यापासून सकाळी उठल्यावर घड्याळ बघ. थोडं हलवल्यावर बोटं सुटत असतील तर बहुतेक वयाची झीज. तास-तास सुटत नसतील तर कोल्हापूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायचं. आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी, दोन्ही तपासण्या करायच्या, पैसे मी पाठवते. घरात एकीला असलं की दुसरीची शक्यता वाढते. आणि बाजारातल्या त्या वाताच्या पुड्या आधी उकिरड्यावर टाक. त्यात काय कालवलेलं असतं देव जाणे, कित्येकदा स्टिरॉइड निघतं. माझं बघून तू मात्र दूध बंद करायचं नाहीस. तुला सोसतंय ना? मग पी.

दिवाळीला वसुबारसेच्या आदल्या रात्रीच्या गाडीने येतो. त्या दिवशी तूही दूध-दही शिवत नाहीस, तेव्हा एक दिवस तरी माझ्या ताटाकडे बघून तुला हुंदका यायचं कारण नाही.

तूप मात्र मला चालतं, ते कढवून ठेव. नीट कढवलेल्या तुपात दुधातलं फारसं काही उरत नाही, सगळं खाली बेरीत बसतं. म्हणजे नेमकी बेरीच माझी गेली. साखर घालून, पातेलं खरवडून, मी आणि दादा भांडायचो ती. या वेळी छकुलीला दे. आप्पांना चमचाभरसुद्धा द्यायची नाही, त्यांची साखर गेल्या वेळी २१० होती आणि ते तुला १६० सांगतात.

तुमची,
बाळी