दिवाळीच्या आवराआवरीतलं सामान रविवारी द्या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत क्लब हाऊसमध्ये जुनं, पण वापरण्याजोगं घरगुती सामान गोळा करणार आहोत. ते 'गूंज' संस्थेकडे पाठवलं जाईल. १९९९ पासून ही संस्था शहरातलं सामान खेड्यापाड्यांत पोहोचवते. तिथली माणसं विहीर, रस्ता, बंधारा अशी गावाची कामं करतात आणि त्याचा मोबदला म्हणून या वस्तू घेतात. म्हणजे हे कष्टाचं दाम आहे, तेव्हा ते नीटच द्यायला हवं.

कपडे धुऊन, वाळवून, घडी करून आणा. तुटलेली बटणं कृपया लावा. कुकर देणार असाल तर शिट्टी आणि रिंग त्याच पिशवीत ठेवा, नाहीतर तो कुणाच्याच कामाचा नाही. चपला-बूट जोडीने बांधा. सुती साड्या आणि चादरी मात्र विरलेल्या असल्या तरी जरूर द्या, त्यांपासून कापडी सॅनिटरी पॅड तयार होतात.

गाद्या, उशा, फुटक्या वस्तू नकोत. वस्तुरूप देणगीवर ८०जीची करसवलत मिळत नाही, याची नोंद घ्यावी.

सामान लिफ्टपाशी ठेवून जाऊ नका. ज्येष्ठांनी आदल्या दिवशी कळवावं, मुलं घरी येऊन घेऊन जातील.

– व्यवस्थापक समिती