इतवारीतल्या तबलावाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, तेव्हा हे मुलाकडून वाचून घ्या.

माझा बँजो तुमच्यापुढे ठेवला (पार्टीतला बटणांचा नव्हे, चामडं मढवलेला पाच तारांचा अमेरिकी), तेव्हा हात लावायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "काहून बे, या सायकलच्या ब्रेकच्या तारा कोणं लावल्या?" आधीच्या मालकाने स्टील चढवलं होतं. एकोणिसाव्या शतकात या वाद्याला आतड्याच्या ताती असत, त्यामुळे जुने दांडे हलके असतात. स्टीलच्या ताणाने माझा वाकायला लागला होता.

खरी तात म्हणजे पिंजाऱ्याच्या धनुकलीची, ती ओळख तुमचीच. पण नागपूरचा मे आणि त्यामागून येणारा दमट जुलै तिला सोसणार नाही, हेही तुम्हीच सांगितलं. म्हणून इटलीच्या अक्विला कंपनीची नायलगट, म्हणजे आतड्यासारखी कृत्रिम तार, मागवली. तिची घनता आतड्याइतकीच, सुमारे १.३; साध्या नायलॉनची १.१ च्या आसपास. तोच सूर, तोच ताण हवा तर नायलॉन जाड घ्यावं लागतं आणि आवाज बोथट होतो. तुम्ही आकडे ऐकलेच नाहीत. दोन्ही तारा बोटांत मळून पाहिल्या आणि नायलगट निवडली.

खरं कसब पुढे होतं. स्टीलची पहिली तार पाव मिलिमीटरची, ही त्याच्या दुप्पट जाड. जुन्या खाचेत बसेना. तुम्ही बारीक कानस काढली, दोन घासे मारायचे, तार ठेवून बघायची, पुन्हा दोन घासे. मला तर कंटाळा आला होता! हिच्या शेवटाला अडकवायला फासा नसतो, म्हणून गाठ. ती निसटू नये म्हणून दुहेरी वेढा. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) चिकटवलेली नसते, तेव्हा बाराव्या पडद्यावरचा स्वर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर जुळेपर्यंत ती सरकवली. पाचवी आखूड तार, जिची खुंटी दांड्याच्या मधेच असते, ती शेवटी.

रात्रीच सूर उतरला, तेव्हा फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "तिला ताणू दे ना राजा, टोकं कापू नको." ताणली, बसली. आता सूर उतरतो तो चामड्यामुळे, आणि त्याला काय करायचं ते तुम्हाला विचारायलाच नको.

मजुरी घेतली नाहीत, ते मात्र पटलं नाही. शाईच्या डब्यामागे पाकीट ठेवलं आहे. परत पाठवू नका.

तुमचा,
बँजोवाला